कामाचं विचारा, कष्टाचं नंतर : मराठवाड्यातल्या मुलाखतींच्या प्रकल्प नोंदी

१९ ऑक्टोबर २०२४, लातूर

आज शेवटी ठरलं. मी, आमचे सर (रिटायर झालेत, भूगोल शिकवायचे) आणि माझा भाचा असं तिघांनी मिळून मराठवाड्यातल्या अशा माणसांशी बोलायचं ज्यांनी चाकोरी सोडून काहीतरी भारी करून दाखवलंय, आणि ज्यांच्या कामात त्यांचा स्वतःचा असा विचार आहे. मोबाइलवर नाही, नीट रेकॉर्डर लावून. भाच्याकडं कॉलर माइक आहेत, गाडी सरांची, पेट्रोल वाटून घ्यायचं.

वहीच्या पहिल्या पानावर मी एकच नियम मोठ्या अक्षरात लिहिलाय: पहिला तासभर संघर्ष विचारायचा नाही. आपल्याकडचा माणूस पुढं गेला की बातमी ठरलेली असते, दुष्काळ, अठराविश्वे दारिद्र्य, मजुरी करणारे आईबाप, आणि मग एकदम यश. सगळं खरंच असतं, पण त्यात त्या माणसाचं डोकं कुठं चाललं हे काहीच येत नाही, वाचणाऱ्या पोराला वाटतं की हाल सोसले की झालं. धावपटू अविनाश साबळेचंच घ्या. आष्टी तालुक्यातलं मांडवा, वीटभट्टीवरचे आईवडील, पायी शाळा, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या असतात, म्हणजे पळण्याची लय ३५ वेळा मोडायला बघते आणि ती मोडू द्यायची नाही हा त्या शर्यतीचा खरा हिशोब आहे, हे किती जणांना माहितंय? २०१८ ला भुवनेश्वरला त्यानं गोपाल सैनीचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला तेव्हा वेळ होती ८:२९.८०, आणि या जुलैत पॅरिसला ८:०९.९१. सहा वर्षांत जवळपास वीस सेकंद. ती कुठून काढली, अडथळ्याच्या किती पावलं आधी पाय ठरवायचा, गर्दीत पुढच्याची पाठ आडवी आली की काय करायचं, मला हे ऐकायचंय.

सरांनी प्रश्नांचा कागद केला. कामातलं पहिलं काय करता, बिघडायला लागलं की आधी कुठं कळतं, तुमच्या धंद्यातले बाकीचे लोक काय चुकीचं धरून चालतात, आणि आधी करत होता पण आता बंद केलं असं काय. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला.

२६ ऑक्टोबर, जालना

जाताना गाडीत सरांनी बियाण्याचा इतिहास सांगितला. हिंगोलीत जन्मलेल्या बद्रीनारायण बारवालेंनी १९६४ ला जालन्यात महिको ही बियाणे कंपनी काढली, सुरुवात दिल्लीहून आणलेल्या पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यापासून, आणि बी पिकवायचं काम गावोगावच्या शेतकऱ्यांना शिकवून त्यांच्याच शेतात करून घेतलं. १९९८ ला त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. आज या भागात संध्याकाळी कुठल्याही शेडनेटमध्ये डोकावलं तर बायका हातात चिमटा घेऊन कळ्या साफ करताना दिसतात, त्याचं मूळ तिथं आहे.

ज्यांना भेटलो त्या ताई अर्ध्या एकराच्या शेडनेटमध्ये मिरचीचा सीडप्लॉट घेतात, म्हणजे कंपनीसाठी संकरित बी पिकवतात. नाव लावायचं नाही असं त्यांनीच सांगितलं. नवीन शेतकरी आला की कंपनीचे फील्डवाले म्हणतात आधी त्यांचा प्लॉट बघून या, यावरून समजून घ्या.

त्यांनी आधी काम करून दाखवलं मग बोलल्या. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, पांढरी पडलेली पण मिटलेली. चिमट्यानं पाकळी बाजूला करून आतले परागाचे कोष एकेक काढायचे, मधल्या दांड्याला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाचा पराग तिथं लावायचा आणि देठाला खुणेचा दोरा बांधायचा. एखादा कोष आत राहिला तर कळी स्वतःच्याच परागावर फळते, ते बी संकरित नाही, आणि असं बी जास्त निघालं की ग्रो-आउट टेस्टला (बी पेरून शुद्धता बघतात ती) अख्खा लॉट फेल होतो आणि वर्षाची कमाई जाते.

आता त्यांची आयडिया. दोरा सगळीकडं एकाच रंगाचा असतो, त्यांनी तीन रंगांचे आणले. सकाळी नऊच्या आत पराग लावला तर हिरवा, नऊ ते अकरा पिवळा, त्यानंतर लाल. मग काही दिवसांनी ओळीओळीनं फिरून बघितलं तर लाल दोरा होता तिथं बहुतेक नुसता दोराच लोंबत होता, फळ धरलंच नव्हतं. ऊन वाढलं की पराग मरतो हे शास्त्र सगळ्यांनाच सांगितलेलं असतं, पण आपल्या नेटमध्ये, आपल्या उन्हात, नेमकं किती वाजता मरतो हे त्यांनी दोऱ्यावरून काढलं. तेव्हापासून अकरानंतर क्रॉसिंग बंद, त्या वेळात चुकून आपोआप उमललेली फुलं तोडायची. "बाया म्हणायच्या ताई दुपारपर्यंत करू, जास्त होईल. म्या म्हणलं जास्त होत नाही, जास्त दिसतं."

सरांनी विचारलं, मग प्रत्येक बाईला वेगळा रंग का दिला नाही, कोणाचा हात चांगला ते कळलं असतं. ताई लगेच म्हणाल्या, "मंग त्या एकमेकीचे दोरे सोडतील ना सर. वेळेला रंग दिला तर खोटं करायचं कोणालाच काही कारण नाही." मी ते वाक्य परतीच्या रस्त्यात भाच्याला तीनदा वाजवायला लावलं. माणसाला मोजायला गेलं की आकडा खोटा होतो, कामाला मोजलं की खरा राहतो, हे मोठमोठ्या ऑफिसात कळत नाही आणि या बाईनं दोऱ्याच्या रिळांवर बसवलंय.

१६ नोव्हेंबर

काही रेकॉर्डिंग नाही. २० तारखेला विधानसभेचं मतदान, गल्लीत दिवसभर भोंगे. जालन्याचं टायपिंग पूर्ण केलं.

८ डिसेंबर, औसा तालुका

आजची मुलाखत या सगळ्या कामातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अक्का आता पन्नाशीच्या पुढं आहेत, गवंडीकाम करतात, आणि पंचक्रोशीत घर बांधायचं असेल तर इंजिनिअरच्या आधी त्यांना बोलावतात. माइक लावतानाच म्हणाल्या, "भूकंपाचं विचारलालाव का कामाचं? भूकंपाचं सांगून सांगून तोंड दुखलंय बाबा." मी म्हणलं कामाचंच. मग खुलल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच की ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला, १०,००० च्या आसपास माणसं गेली, आणि तेव्हाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नंतर पुनर्वसनात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं, गावातल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं, घरदुरुस्तीची माहिती घरोघर पोचवायला. अक्का त्यातल्या. बाकीच्या माहिती सांगत होत्या, अक्कांना वाटलं की सांगून कोणाला पटत नाही, भिंत पडलेली दाखवली पाहिजे.

भिंत का पडली हे त्यांनी मला अंगणात दगड मांडून दाखवलं. इथली जुनी रुंद भिंत म्हणजे खरंतर दोन भिंती, बाहेरचा दगड आणि आतला दगड, मधे चिखल आणि कपच्या. वर माळवद, लाकडी तुळया आणि त्यावर फूट-दोन फूट माती. जमीन हलली की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, फुगतात, आणि वरचं सगळं ओझं खाली येतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार जाणारे लांब दगड मधेमधे घातले असते तर थर सुटले नसते.

तर अक्कांनी काय केलं, बैलगाडीवर दोन छोट्या भिंती रचल्या, गुडघ्याएवढ्या. एकीत आडवे लांब दगड, दुसरीत नाही, दगड तेच, चिखल तोच. आणि गाडी वेशीपासून पारापर्यंत खाचखळग्यातून पळवली. बिनजोडाची भिंत निम्म्या वाटेतच ढासळली, दुसरी पारापर्यंत उभी. म्हाताऱ्या माणसांनी स्वतः जाऊन हात लावून बघितलं. "त्या दिवसानंतर मला कोणी बाईमाणूस काय सांगणार असं म्हणलं नाही."

उभ्या भिंतीत लांब दगड कसा घालणार, तर आरपार भोक पाडायचं, दोन्ही तोंडाला रुंद आणि मधे अरुंद, त्यात दोन्हीकडून वळवलेला सळईचा आकडा टाकायचा आणि काँक्रीट भरायचं. हे तंत्र इंजिनिअर लोकांनीच आणलं होतं. पण भोक पाडताना भिंत हादरते म्हणून लोक भ्यायचे, तेव्हा अक्कांनी ठरवलं की घण लावायचाच नाही, पहारीनं एकेक दगड हलवून काढायचा, वेळ दुप्पट लागला तरी चालेल. आणि पहिलं भोक घरातल्या बाईच्या हातानं. म्हणजे रात्री त्या भिंतीखाली झोपताना तिला माहीत असतं आत काय आहे.

आता काय चुकतंय असं विचारलं तर अर्धा तास थांबल्याच नाहीत. सगळ्यांना स्लॅबचं घर पाहिजे, कॉलमच्या रिंगा (उभ्या सळयांभोवतीचे लोखंडी वेढे) घाईनं बांधतात, रिंगेचं टोक काटकोनात सोडून देतात, ते आत काँक्रीटमध्ये वळवलेलं पाहिजे नाहीतर धक्क्याला रिंग उघडते. आणि पाणी मारणं. उन्हाळ्यात पाणी नसतं म्हणून स्लॅब दोन दिवसांत कोरडा सोडतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं त्या उन्हाळ्यात अक्कांनी हातातली सगळी कामं थांबवली, मजुरी बुडाली, लोक भांडले, पण पाणी नाही तर स्लॅब नाही. "प्यायला पाणी नाही तवा घर कामून बांधलालाव, पाऊस पडू द्या." लोकांना ते पाण्याबद्दलचं बोलणं वाटलं, त्या स्लॅबच्या ताकदीबद्दल बोलत होत्या.

२१ डिसेंबर

बाहेर गेलो नाही, घरी बसून डॉ. हिंमतराव बावस्करांवर वाचत होतो. ते आपल्या यादीत नाहीत, सगळं काम कोकणात, पण माणूस भोकरदन तालुक्यातल्या देहेडचा. माझ्या मते मराठवाड्यातल्या पोरांना शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

१९७६ च्या सुमाराला महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात नवे डॉक्टर म्हणून गेले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं यायची आणि फुफ्फुसात पाणी होऊन मरायची, आणि पुस्तकात याबद्दल फारसं काही नव्हतं. मग हा माणूस पेशंटच्या उशाशी बसून राहायला लागला. नाडी, रक्तदाब, घाम, हातपाय गार कधी पडतात, सगळं तासातासाला लिहून. १९८२ ला लॅन्सेटमध्ये त्यांची निरीक्षणं छापून आली. विषामुळं शरीरातली उत्तेजक संप्रेरकं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर ताण येतो, तर मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी दिली तर? प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी आधीपासून बाजारात होती. १९८६ ला त्याच्या वापराबद्दलही लॅन्सेटमध्येच लिहिलं. आधी शंभरात चाळीसच्या आसपास दगावायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ ला पद्मश्री.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तासातासाला लिहिणं. लॅब नव्हती, पण वही होती आणि पेशंट सोडून झोपायला न जायचा हट्ट होता. आणि गोळी नवी शोधावी लागली नाही, आत काय चाललंय हे नीट कळलं म्हणून कपाटातलीच गोळी उपयोगी आली. सरांना फोन करून म्हणलं की प्रश्नांच्या कागदात एक वाढवा: तुम्ही काय लिहून ठेवता?

३० डिसेंबर, वेळ अमावस्या, रेणापूरकडं

आजच्या दिवशी लातूर जिल्ह्यात शहरात कोणी सापडत नाही, सगळे शेतात. तरी गेलो, कारण मोटर वाइंडिंगवाल्या (जळक्या मोटरची तार नव्यानं गुंडाळणाऱ्या) काकांनीच बोलावलं, म्हणले दुकानात गिऱ्हाईक बोलू देत नाही, आज निवांत. कडब्याची कोप, आत पूजेला पांडव मांडलेले, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. आधी पोटभर जेवण, मग रेकॉर्डर.

काय लिहून ठेवता हा नवा प्रश्न पहिलाच विचारला आणि काकांनी सोबत आणलेल्या पिशवीतून जुन्या हिशोबाच्या वह्या काढल्या. त्यांच्याकडं आलेल्या प्रत्येक जळक्या मोटरची नोंद आहे. गाव, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), डीपीपासून शेत किती लांब, कोणत्या महिन्यात जळाली, तिन्ही फेजच्या कॉइल सारख्या काळ्या झाल्या की एकच बाजू. "तिन्ही सारख्या काळ्या म्हंजे व्होल्टेज नाही किंवा गाळानं पंप जाम. दोन जळाल्या अन् एक कोरी राहिली तर फेज गेलता." स्टेटर (मोटरचा कॉइल बसवलेला स्थिर भाग) बघून डॉक्टरसारखं निदान सांगतात.

थ्री फेजला ४१५ व्होल्ट धरतात, पण लायनीच्या शेवटच्या शेतात सगळ्यांच्या मोटरा चालू असल्या की ते तीनशेच्या घरात उतरतं. व्होल्टेज उतरलं की मोटर जास्त अँपियर ओढते, तापते, जळते. उपाय बऱ्याच वाइंडरना माहितंय, कॉइलचे वेढे कमी करायचे आणि तार जाड वापरायची, मग कमी व्होल्टेजलाही मोटर ताकद धरते. पण काकांच्या वहीत दिसलं की अशा कमी वेढ्याच्या मोटरा पुन्हा त्यांच्याकडंच येत होत्या, आणि बहुतेक रात्री जळालेल्या. कारण रात्रपाळीच्या लायटीला निम्मे लोक मोटरा लावत नाहीत, व्होल्टेज पूर्ण येतं, आणि कमी वेढ्याचा गाभा पूर्ण व्होल्टेजला तापतो. दिवसा वाचवलेली मोटर रात्री मेली.

म्हणून काका वाइंडिंगच्या आधी गिऱ्हाइकाला विचारतात, तुम्ही रात्री भिजवता का, शेजारी किती मोटरा, डीपी कुठं. आणि त्यावरून प्रत्येक मोटरचे वेढे वेगळे ठरवतात. कंपनीच्या तक्त्यात एकच आकडा असतो, त्यांच्याकडं गावागणिक वेगळा. दोन शेजारच्या शेतांना एकाच एचपीच्या मोटरला वेगवेगळे वेढे दिलेले वहीत मी स्वतः बघितले, कारण एकजण रात्री भिजवतो आणि दुसऱ्याला रातांधळेपणा आहे म्हणून तो दिवसाच भिजवतो. एवढं बारीक.

बंद काय केलं? "उधारी नाही बंद केली, ती होत नाही. घाई बंद केली. वार्निश मारलं की भट्टीत पूर्ण वाळल्याशिवाय मोटर देत नाही, पीक वाळलालंय म्हणून रडला तरी. त्याला माझी दुसरी मोटर वापरायला देतो." दुकानात तीन-चार मोटरा नुसत्या यासाठी ठेवल्यात. आता सौर पंप वाढलेत तर हे काम कमी होईल ना म्हणलं, तर पिशवीतून सौर पंपाच्या कंट्रोलरचं जळकं कार्ड काढून दाखवलं, नवी वही सुरू झालेली आहे.

१९ जानेवारी २०२५, धाराशिव

खो-खोच्या एका प्रशिक्षकांना भेटलो. दिल्लीत पहिल्या खो-खो वर्ल्ड कपची फायनल आजच, मुली-मुलं दोघांनीही नेपाळला हरवलं, मैदानावर पोरं उड्या मारत होती त्यामुळं फार बोलणं झालं नाही. धाराशिवला हा खेळ मुरलेला आहे, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदक विजेत्या संघाची कॅप्टन सारिका काळे इथलीच, २०२० ला अर्जुन पुरस्कार. प्रशिक्षकांनी एकच गोष्ट सांगितली पण कामाची: नवीन पोर पळणाऱ्याच्या तोंडाकडं बघतं, ते पोराला टाचेकडं बघायला लावतात, कारण डोळ्यानं हूल देता येते, टाचेनं देता येत नाही. सविस्तर पुन्हा कधीतरी, शाळा सुटल्यावर.

१६ फेब्रुवारी

ऐकून ऐकून तिन्ही मोठ्या मुलाखती तयार झाल्या. लांबीवरून सरांचं आणि माझं वाजलं. सरांचं म्हणणं अक्कांच्या मुलाखतीतलं भोकाचं माप, सळईचा आकडा, रिंगेचं टोक हे सगळं सामान्य माणूस ऐकणार नाही, बैलगाडीचा प्रसंग ठेवा. मी म्हणलं बैलगाडी ऐकून माणूस वा म्हणेल, रिंगेचं टोक ऐकून कोणीतरी आपल्या घराचा कॉलम तपासेल, मला दुसरा माणूस पाहिजे. शेवटी अक्कांनाच फोन लावला. त्या म्हणल्या माप वगळायचं असेल तर माझी मुलाखतच लावू नका. विषय संपला, पूर्ण जाणार.

काकांच्या वह्यांचे फोटो काढायला भाचा दर रविवारी जातोय, जुनी पानं चिकटलीत, हळू हळू चाललंय. आयटीआयच्या वायरमन ट्रेडच्या काही पोरांना ती मुलाखत ऐकवली तर त्यांनी वेढ्यांचा भाग पुन्हा लावायला सांगितला आणि दोघं तर दुसऱ्या दिवशी काकांच्या दुकानात हजर. काकांनी शनिवारी बसा म्हणून सांगितलंय.

पुढचं: औंढा नागनाथजवळ लायगोची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी लेझरनं टिपणारी, वेधशाळा होणार आहे, २०२३ ला केंद्रानं २,६०० कोटींची मंजुरी दिली, काटकोनातले चार-चार किलोमीटरचे दोन बाहू. त्याच तत्त्वावर छोट्यात, त्या भागातले एक निवृत्त विज्ञान शिक्षक लेझर पॉइंटर, दोन छोटे आरसे आणि काचेचा तुकडा फरशीवर मांडून पोरांना प्रकाशाच्या पट्ट्या दाखवतात असं कळलं. शेजारून ट्रॅक्टर गेला की पट्ट्या हलतात म्हणे. त्यांना पहिला प्रश्न हाच, ट्रॅक्टर गेला तेव्हा पोरांना काय सांगता? मार्चच्या पहिल्या रविवारी बोलावलंय.